गावातले चौदा रुग्ण आणि बहिणीची जुनी फाईल

आपण तासगाव तालुक्यातील आपल्या गावाविषयी लिहिले आहे. गावाची लोकसंख्या सुमारे ४,२०० असून मागील सहा वर्षांत १४ जणांना कर्करोग झाला. द्राक्षबागांवर मारली जाणारी औषधे किंवा पिण्याचे पाणी हेच त्याचे कारण, असे ग्रामसभेत जवळजवळ ठरून गेले आहे, आणि मग यावर संशोधन का होत नाही, असे आपण विचारता. दुसरा प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे. तिला २००६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) झाला होता. सहा केमो आणि छातीवर रेडिएशन घेऊन ती बरी झाली. आता ती चौतीस वर्षांची आहे, तिचे लग्न ठरत आहे आणि 'पाच वर्षे उलटली की झाले, आता काही बघायला नको' असे डॉक्टरांनी सांगितले असले तरी आपल्या मनात शंका आहे.

मी सव्वीस वर्षे याच कामात काढली. पहिली काही वर्षे गावोगाव फिरून कर्करोगाच्या नोंदी केल्या आणि पुढे बरे झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. या शास्त्राला मराठीत साथरोगशास्त्र म्हणतात. कर्करोगाची साथ येत नसल्याने हा शब्द मला कायमच अपुरा वाटत आला आहे, पण दुसरा रूढ शब्द नाही. आपले दोन प्रश्न वरकरणी वेगळे दिसले तरी त्यांची उत्तरे शोधण्याची रीत एकच आहे. रोगास कारण ठरणारी गोष्ट असो की रोग बरा करणारे औषध, ते शरीरात किती गेले, कोणत्या वयात गेले आणि ज्यांच्या शरीरात गेले नाही त्यांच्या तुलनेत पुढे काय झाले, एवढेच आम्ही विचारत असतो. त्यातील 'तुलनेत' हा भाग लोक नेमका विसरतात, म्हणून आधी गावाचा हिशेब करू.

४,२०० माणसे सहा वर्षे म्हणजे २५,२०० व्यक्तिवर्षे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२२ सालासाठी जो अंदाज केला, त्यानुसार देशात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १०० नवे रुग्ण आढळतात. हा दर आपल्या गावाला लावला तर सहा वर्षांत २५ रुग्ण अपेक्षित धरावे लागतील. परंतु हा देशाचा सरासरी दर आहे, आणि नोंदणी असलेल्या भागांतील फरक थक्क करणारा आहे. २०१२ ते २०१६ या काळातील नोंदींमध्ये पुरुषांचा वयानुसार समायोजित (म्हणजे तरुण-म्हाताऱ्यांच्या प्रमाणातील फरक काढून टाकलेला) दर मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात लाखामागे २६९.४ होता, तर आपल्या शेजारच्या उस्मानाबाद-बीड भागात तो ३९.५ होता, म्हणजे देशातील सर्वांत कमी. त्या भागातील स्त्रियांचा दर ४९.४ होता. ढोबळमानाने ४५ धरले, तर आपल्या गावात सहा वर्षांत ११ रुग्ण अपेक्षित येतात. म्हणजे अपेक्षा ११ ते २५ यांच्यामध्ये कुठेतरी आहे आणि प्रत्यक्षात १४ आहेत. आपल्याला हा आकडा भयंकर वाटला, कारण चौदाही जणांना आपण नावानिशी ओळखता. पन्नास वर्षांपूर्वी यांतील निम्मी माणसे 'पोटात गाठ झाली' किंवा 'घशाखाली उतरत नव्हते' एवढ्या वर्णनावर गेली असती आणि कर्करोग हा शब्द गावात उच्चारलाही गेला नसता.

वयाचे समायोजन ही आकडेशास्त्रातली हातचलाखी आहे, असे काहींना वाटते. आपल्या भागात ती समजावणे मात्र सोपे आहे. सातारा आणि सांगलीच्या अनेक गावांतील तरुण मंडळी मुंबई-पुण्यात आहेत आणि गावात मागे राहिले आहेत ते आई-वडील. कर्करोग हा प्रामुख्याने उतारवयाचा रोग असल्याने अशा गावात तो जास्त दिसणारच. त्यात भर अशी, की मुंबईत चाळीस वर्षे माथाडीचे काम केलेला माणूस आजारी पडला की गावी येतो. रोगाचा संबंध असेल तर तो मुंबईतल्या आयुष्याशी, गावच्या लोकसंख्येत त्याची गणना नाही, पण गावाच्या रुग्णांच्या यादीत मात्र त्याचे नाव चढते. खानापूर-विट्याकडच्या गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातील माणसांचेही असेच आहे. त्यांनी तेजाबाच्या वाफा आयुष्यभर घेतल्या केरळात किंवा तमिळनाडूत, आणि यादीत नाव आले विट्याजवळच्या खेड्यात. म्हणून नोंदणीत आम्ही पहिला प्रश्न रोगाचा विचारत नसू, 'निदान झाले तेव्हा तुम्ही कुठे राहत होता आणि त्याआधी किती वर्षे' असे विचारत असू. आपल्या चौदांपैकी किती जण मुंबईहून परत आलेले आहेत, ते पाहावे.

आता समजा, या सगळ्या दुरुस्त्या करूनही अपेक्षा ११ची निघाली आणि रुग्ण १८ निघाले. तरीही लगेच निष्कर्ष काढता येत नाही. अपेक्षा ११ची असताना निव्वळ योगायोगाने १८ किंवा अधिक रुग्ण निघण्याची शक्यता शेकडा तीन आहे. सातारा आणि सांगली मिळून दोन हजारांवर गावे आहेत. सगळी आपल्या गावाएवढी मानली, तर काहीही कारण नसताना साठेक गावांत असा आकडा निघेल आणि त्या साठही गावांना आपलेच पाणी विषारी आहे, असे वाटेल. भिंतीवर आधी गोळ्या झाडायच्या आणि जिथे जास्त लागल्या तिथे नंतर वर्तुळ काढून नेम अचूक म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

मग गावातला रुग्णांचा पुंजका कधीच खरा नसतो का? असतो, आणि त्याची ओळख रुग्णांच्या संख्येपेक्षा रोगाच्या जातीवरून पटते. तुर्कस्तानातील कप्पाडोकिया भागात कराईन नावाचे खेडे आहे. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा अत्यंत दुर्मीळ कर्करोग तिथे घरोघरी आढळला. त्याचा माग काढताना घरांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्थानिक दगडातील एरिओनाइट या तंतुमय खनिजापर्यंत शोध पोहोचला. दुसरे उदाहरण बॉस्टनचे. तिथे तरुण मुलींमध्ये योनिमार्गाच्या एका विलक्षण दुर्मीळ कर्करोगाचे काही रुग्ण थोड्या काळात दिसले. १९७१ साली आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी अशा आठ जणींची तुलना त्याच सुमारास जन्मलेल्या बत्तीस निरोगी मुलींशी केली. आठांपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी डीईएस हे कृत्रिम संप्रेरक घेतले होते, बत्तीसांपैकी एकीच्याही मातेने घेतले नव्हते. एवढ्या लहान अभ्यासाने प्रश्न सुटला, कारण रोग एकच होता आणि तुलनेसाठी योग्य माणसे निवडली होती. आपल्या यादीत चार तोंडाचे, तीन स्तनाचे, दोन गर्भाशयमुखाचे आणि रक्त, जठर, अन्ननलिका, फुप्फुस व मेंदू यांचा प्रत्येकी एक रुग्ण आहे. ही आपल्या भागातील नेहमीची सरमिसळ आहे. एकाच विषाने इतक्या वेगवेगळ्या अवयवांना एकाच वेळी कर्करोग होणे सहसा संभवत नाही.

तोंडाच्या चौघांवर थोडे थांबतो. आपण लिहिता, 'त्यांतील दोन बायका आहेत आणि त्यांना कसलेच व्यसन नव्हते.' माझी पहिली मोठी चूक याच वाक्यात झाली होती. सुरुवातीच्या काळात मी जी प्रश्नावली घेऊन हिंडत होतो, तिच्यात 'तंबाखू खाता का' असा प्रश्न होता, आणि बाया एकजात 'नाही' म्हणत. मी तसे लिहून घेत होतो. एकदा एका आजींच्या ओसरीवर बसलो असताना त्यांनी उत्तर देता देता तव्यावर काळेशार भाजलेले काहीतरी दगडी खलात कुटायला घेतले. 'आजी, हे काय?' म्हटले, तर म्हणाल्या, 'मशेरी. दात घासायला लागते ना.' तंबाखूच ती. भाजून पूड केलेली, दिवसातून चार-चार वेळा हिरड्यांना चोळलेली आणि त्यांच्या लेखी तंबाखू नसलेली. त्या दिवशी संध्याकाळी मी आधीच्या तीन महिन्यांचे अर्ज बाजूला काढले. ते पुन्हा भरायला पाच महिने लागले. तेव्हा त्या दोघींच्या घरी 'मशेरी लावत होत्या का, किती वर्षे, आणि लावून किती वेळ तोंडात ठेवत होत्या' असे विचारून पाहावे. आपल्याकडील तंबाखू-संशोधनात अशा वापराच्या रीती नोंदवण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून काम केलेल्या डॉ. वसंत खानोलकर यांनी तर धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधल्याने तिथल्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगाचेही वर्णन केले होते. माणूस कसा राहतो, काय नेसतो, दात कशाने घासतो, हे न विचारता कर्करोगाचे कारण सापडत नाही.

तंबाखूचे नाव काढले की, 'म्हणजे सगळे आमच्यावरच ढकलायचे आणि औषध कंपन्या मोकळ्या' असे ग्रामसभेत कोणीतरी म्हणते. हा राग मला समजतो. म्हणून एक गोष्ट सांगतो. लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण शोधायला घेतले, तेव्हा डॉल यांचा संशय सिगारेटवर नव्हता. मोटारींचा धूर किंवा रस्त्यांवरील डांबर हे कारण असावे, असे त्यांना वाटत होते. ७०९ रुग्ण आणि तेवढेच अन्य रोगांचे रुग्ण यांची तुलना १९५० साली प्रसिद्ध झाली आणि आकड्यांनी त्यांना सिगारेटकडे नेले. काम पूर्ण होईपर्यंत डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली होती. पुढे त्यांनी ३४,४३९ ब्रिटिश पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा केला आणि आयुष्यभर धूम्रपान करणारा सरासरी दहा वर्षे आधी जातो, हे दाखवले.

आता फवारणीबद्दल. कीडनाशके आणि कर्करोग यांचा संबंध नाही, असे मी अजिबात म्हणणार नाही, कारण द्राक्षबागायतदारांच्या बाबतीत तो एकदा निर्विवाद सिद्ध झालेला आहे. जर्मनीतील मोझेल नदीकाठच्या द्राक्षमळ्यांत १९२०च्या दशकापासून आर्सेनिकयुक्त औषधे मारली जात. फवारताना ती श्वासातून जात, आणि द्राक्षाच्या चोथ्यापासून केलेल्या घरगुती पेयातून तेथील शेतकरी ती रोज पितही होते. १९४२ साली त्यांवर बंदी आली, परंतु त्वचेचे, फुप्फुसाचे आणि यकृताचे कर्करोग त्या शेतकऱ्यांत पुढे कित्येक दशके निघत राहिले. बंदीनंतर एवढा काळ रोग निघत राहणे हा कर्करोगाचा स्वभाव आहे. तेव्हा आपल्या बागांत या हंगामात मारलेल्या औषधाचा परिणाम या यादीत शोधू नये. शोधायचाच असेल तर १९८०-९०च्या दशकांत, पाठीवरचा पंप गळत असताना, उघड्या अंगाने कोणते औषध मारले जात होते, तिकडे पाहावे लागेल. त्याची नोंद कोणाकडे आहे? दुकानदाराच्या वहीतही नसेल.

अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत नेमक्या याच अडचणीवर उपाय म्हणून १९९३ ते १९९७ दरम्यान फवारणीचा परवाना असलेले शेतकरी, व्यावसायिक फवारणारे आणि त्यांचे जोडीदार अशा सुमारे ८९,००० जणांची नोंद करण्यात आली आणि तेव्हापासून त्यांचा पाठपुरावा चालू आहे. त्यातून आलेले उत्तर दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे. एकूण कर्करोग या शेतकऱ्यांत सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कमीच आढळला, कारण ते धूम्रपान कमी करतात आणि काम करणारी माणसे मुळातच धडधाकट असतात. पण प्रोस्टेटचा कर्करोग आणि रक्त-लसीका संस्थेचे काही कर्करोग मात्र जास्त आढळले. म्हणजे 'फवारणीने कर्करोग वाढतो का' हा प्रश्नच मोघम आहे. कोणते औषध, किती दिवस, हातमोजे घालून की तसेच, आणि कोणता कर्करोग, असे विचारले तरच उत्तर मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या लिऑन येथील कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली लिंडेन या कीटकनाशकाला 'कर्करोगकारक' आणि मॅलॅथिऑन हे कीटकनाशक व ग्लायफोसेट हे तणनाशक यांना 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले, हे आपण वाचले असेल. तेथे लोक एक गल्लत करतात. ही वर्गवारी पुरावा किती पक्का आहे, ते सांगते, धोका किती मोठा आहे, ते सांगत नाही. तंबाखू आणि प्रक्रिया केलेले मांस एकाच वर्गात आहेत, याचा अर्थ दोन्ही सारखेच घातक असा होत नाही. हातमोजे, मुखपट्टी आणि ब्लोअर वाऱ्याच्या दिशेने चालवणे या गोष्टी मात्र पुराव्याची वाट न पाहता आजपासून कराव्यात. विषबाधा टाळण्यासाठी त्या तशाही हव्यातच.

हळदीबद्दल आपण जाता जाता विचारले आहे. सांगलीची हळद उत्तम आहे. ती आमटीत घालावी, कर्करोग टाळण्यासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

'संशोधन का होत नाही' याचे उत्तर असे, की असे संशोधन रुग्ण मोजण्यापासून सुरू होते आणि आपल्याकडे मोजणीच उशिरा सुरू झाली. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ची, देशाचा नोंदणी कार्यक्रम १९८१च्या अखेरीचा आणि देशातील पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली आपल्या शेजारी बार्शीला सुरू झाली. खेड्यातला रुग्ण रुग्णालयापर्यंत येईलच याची खात्री नसल्याने तिथले कर्मचारी गावोगाव जाऊन 'अंगावरून पांढरे-लाल जाते का, तोंडात न भरणारी जखम आहे का' असे विचारत. त्याच परिसरातील, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना सामावून झालेल्या अभ्यासाने २००९ साली दाखवले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी देऊ केल्याने त्या कर्करोगाने होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर येतात. आपल्या यादीतील गर्भाशयमुखाच्या दोघींचा रोग या चौदांमध्ये सर्वांत टाळता येण्याजोगा होता, आणि ग्रामसभेत त्याविषयी कोणी बोलले नसेल, अशी मला जवळजवळ खात्री आहे.

आपण यादी करणारच असाल तर ती अशी करावी: निदानाच्या वेळचे वय, निदानाची तारीख, बायोप्सीच्या अहवालातील रोगाचे नेमके नाव, त्याआधीच्या वीस वर्षांतील राहण्याची ठिकाणे आणि कामे, तंबाखू व मशेरी. आशा सेविकेला सोबत घ्यावे, कारण तिला घरात बसवून घेतात. ही वही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी. 'गावात कर्करोग वाढला' या अर्जापेक्षा तिला जास्त वजन येईल.

आता बहिणीकडे येतो. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील तातडीचा भाग हाच आहे.

'पाच वर्षे उलटली की झाले' हे वाक्य मूळ रोग परत येण्यापुरते बरेचसे खरे आहे. उपचाराचे घड्याळ मात्र तेव्हा कुठे चालू होते. हे आम्हाला प्रथम हिरोशिमा आणि नागासाकीने शिकवले. त्या शहरांतील वाचलेल्यांसह सुमारे १,२०,००० लोकांचा पाठपुरावा १९५० पासून आजतागायत चालू आहे. त्यात ल्युकेमिया आधी आला, सहा-आठ वर्षांत त्याचे शिखर गाठले गेले आणि तो ओसरला. स्तन, फुप्फुस, जठर यांसारखे घन अवयवांचे कर्करोग दहा वर्षांनंतर वाढू लागले आणि ती वाढ आयुष्यभर राहिली. लहान वयात किरण लागलेल्यांत ती अधिक होती. हॉजकिनच्या रुग्णांत याच घड्याळाची पुनरावृत्ती दिसली. जुन्या पद्धतीच्या औषधांनी होणारा ल्युकेमिया साधारण पाच ते दहा वर्षांत दिसे, छातीवर दिलेल्या किरणांमुळे होणारा स्तनाचा कर्करोग आठ-दहा वर्षांनंतर सुरू होई. नेदरलँड्समध्ये १९६५ ते २००० दरम्यान उपचार घेतलेल्यांचा पाठपुरावा सांगतो, की दुसऱ्या कर्करोगाची वाढीव जोखीम चाळीस वर्षांनंतरही संपलेली नसते.

उत्तर अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या अभ्यासात लहानपणी कर्करोग होऊन बऱ्या झालेल्या हजारो जणांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली आहे. तुलनेला भावंडे घेण्याची ही कल्पना मला फार आवडते. एकाच घरचे अन्न, एकाच घरची ऐपत, फरक काय तो रोगाचा आणि उपचाराचा. उपचारानंतर तीस वर्षांनी यांतील सुमारे ७३ टक्क्यांना कोणता ना कोणता दीर्घकालीन विकार जडलेला होता आणि सुमारे ४२ टक्क्यांमध्ये तो गंभीर स्वरूपाचा होता. लहान वयात छातीवर किरण घेतलेल्या स्त्रियांत वयाच्या पन्नाशीपर्यंत सुमारे ३० टक्के जणींना स्तनाचा कर्करोग झाला. बीआरसीए-१ या जनुकात दोष असणाऱ्या स्त्रियांइतकीच ही जोखीम आहे. हे आकडे वाचून घाबरू नये. त्या स्त्रियांना १९७०-८०च्या दशकांत मिळालेली मात्रा मोठी होती आणि किरणांचे क्षेत्रही विस्तृत होते. २००६ पर्यंत दोन्ही बरेच कमी झाले होते, आणि जोखीम मात्रेबरोबर घटते. पण किती कमी झाले, हे बहिणीच्या फाईलशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

त्या फाईलमध्ये दोन आकडे शोधायचे आहेत. पहिला छातीवर दिलेल्या किरणांची एकूण मात्रा, जी 'ग्रे' या एककात लिहिलेली असते. ती १० ग्रे किंवा अधिक असेल, तर वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून किंवा उपचारानंतर आठ वर्षांनी, यांतील जे नंतर येईल तेव्हापासून दरवर्षी स्तनांची तपासणी सुरू व्हायला हवी. तीत एमआरआय आणि मॅमोग्राफी दोन्ही येतात. म्हणजे तिची तपासणी नऊ वर्षांपूर्वी सुरू व्हायला हवी होती. चाळिशीनंतर मॅमोग्राफी हा नियम तिला लागू नाही, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दुसरा आकडा डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधाचा. घरी कोणालाही विचारले तरी 'ते लाल औषध' आठवत असते. हॉजकिनसाठी प्रचलित असलेल्या एबीव्हीडी या उपचारात त्याची मात्रा प्रत्येक वेळी शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे २५ मिलिग्रॅम असते आणि एका चक्रात ती दोनदा देतात. सहा चक्रे पूर्ण झाली असतील तर एकूण ३०० झाली. २५० पासून पुढे हृदयाच्या स्नायूवरील जोखीम मोठी मानली जाते आणि छातीवर किरणही मिळाले असतील तर ती आणखी वाढते. 'सहा केमो' म्हणजे सहा चक्रे की सहा वेळा सलाईन, हे मात्र तपासून घ्यावे. घरची माणसे दोन्हींना केमोच म्हणतात, आणि त्यावर हिशेब निम्म्याने बदलतो. हृदयाची इको तपासणी लग्नाआधी करून घ्यावी आणि पुढे दर दोन वर्षांनी करावी. गरोदरपणात हृदयावर ताण येत असल्याने त्या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांना पूर्वेतिहास सांगणे अत्यावश्यक आहे. एबीव्हीडीने अपत्यप्राप्तीत सहसा बाधा येत नाही. जुन्या काळच्या औषधांनी ती येत असे. तिच्या मुलांना या उपचारामुळे कर्करोग होईल, ही भीतीही मनातून काढून टाकावी.

किरण मानेपर्यंत गेले असतील तर थायरॉइड मंदावतो, म्हणून टीएसएच ही रक्तचाचणी वर्षातून एकदा करावी. एबीव्हीडीतील ब्लिओमायसिन या औषधाचा परिणाम फुप्फुसांवर राहू शकतो, त्यामुळे पुढे कधी भूल घ्यावी लागली तर भूलतज्ज्ञांना त्या औषधाचे नाव सांगावे. तंबाखूचा धूर आणि छातीवरचे किरण यांची जोखीम नुसती बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते, तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला बिडी-सिगारेट असेल तर ती तिने घराबाहेर ठेवावी.

तोंडाच्या कर्करोगातून बरे झालेले कोणी आपल्या यादीत असतील, तर त्यांनाही निरोप द्यावा. जबड्यावर किरण घेतलेल्या माणसाने दाढ दुखली म्हणून परस्पर काढून घेऊ नये. मिरजेकडच्या एका गृहस्थांनी उपचारानंतर सहा वर्षांनी तशी काढून घेतली. खाचेतली जखम भरलीच नाही, हाड उघडे पडले, आणि कर्करोगाने न घेतलेला जबड्याचा तुकडा शेवटी शस्त्रक्रियेत काढावा लागला. दात काढणाऱ्याला किरणांविषयी कोणी सांगितलेच नव्हते, आणि त्यानेही विचारले नव्हते.

टाटा रुग्णालयात १९९१ पासून लहानपणी कर्करोग झालेल्यांसाठी उपचारोत्तर तपासणीचे स्वतंत्र क्लिनिक चालते. बहिणीने एकदा तिथे जावे, असे मी सुचवीन. मात्र जाताना कागद हवेत. इथे एक जुना सल सांगतो. मी ज्या एका रुग्णालयात पाठपुराव्याचे काम करत होतो, तिथे दहा वर्षांपेक्षा जुन्या फाईली एका उन्हाळ्यात जागा करण्यासाठी रद्दीत घातल्या गेल्या. मी परत आलो तेव्हा खोली रंगवून झाली होती. आपल्याकडे उशिराच्या परिणामांवर इतके थोडे संशोधन का, याचे निम्मे कारण त्या रंगवलेल्या खोलीत आहे. म्हणून बहिणीची फाईल रुग्णालयात मिळाली नाही तरी प्रयत्न सोडू नका. रेडिओथेरपी विभागाचे रजिस्टर मुख्य फाईलींपासून वेगळे असते, ते विचारावे. औषधांची बिले पाहावीत, त्यांवर मिलिग्रॅम छापलेले असतात. आणि २००६ साली आपल्या वडिलांनी मुख्यमंत्री सहायता निधीसाठी किंवा एखाद्या ट्रस्टकडे अर्ज केला असेल, तर त्याला जोडलेल्या खर्चाच्या अंदाजपत्रकात औषधांची नावे आणि चक्रांची संख्या डॉक्टरांच्या सहीने लिहिलेली असते. अशाच एका झेरॉक्सवरून मी एका रुग्णाची पूर्ण मात्रा काढली आहे. असे कागद घरात कोणी टाकत नाही, जमिनीच्या उताऱ्यांबरोबर पेटीत ठेवतात. आधी तिथे पाहावे.